गल्ल्यावर शिकलेली विद्या

तलवाडा हे गेवराई तालुक्यातले मोठे खेडे. त्वरिता देवीच्या देवस्थानामुळे त्याचे नाव बीड जिल्ह्याबाहेरही पोहोचले आहे. आमचे तिथे जाणे-येणे होते ते मात्र एका चपलांच्या दुकानामुळे. दुकानदार आमचे जुने स्नेही. आपले नाव छापायचे नाही अशी त्यांची अट आहे, म्हणून या लेखात आम्ही त्यांना नुसते चाचा म्हणू. आठ फूट रुंदीचा गाळा, मागे छतापर्यंत रचलेली खोकी, पुढे दोरीला टांगलेले रबरी चपलांचे जोड आणि गल्ल्याशेजारी लाल कापडात गुंडाळलेली वही. चाचांच्या वालिदांनी हे दुकान टाकले, त्याला आता पन्नास वर्षे होत आली.

2025 ची रमजान ईद 31 मार्चला होती. शीरखुर्मा घ्यायला आम्ही चाचांकडे गेलो आणि घरात काहीतरी बिनसले आहे हे उंबऱ्यावरच कळले. थोरला मुलगा पुण्याहून आला होता. तो तिथे एमबीए करतो. कॉलेजने मुलाखतींच्या तयारीसाठी एक फॉर्म भरून घेतला होता, त्यात वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने लिहिले होते, ‘फॅमिली बिझनेस, रिटेल’. धाकटीने तो फॉर्म त्याच्या मोबाइलवर पाहिला आणि हसत हसत वाचून दाखवला.

“रिटेल म्हणजे काय रे?” चाचांनी विचारले. या घरातली बोली दखनी, आम्ही ती इथे मराठीत देत आहोत.

“किरकोळ विक्री, अब्बा.”

“मग चपला लिहायला काय झालं?”

मुलगा गप्प. खरी अडचण पुढे होती. शेजारच्या मोबाइलवाल्याने गाळ्यासाठी चांगली रक्कम देऊ केली होती. मुलाचे म्हणणे, गाळा देऊन टाका, फीचे उरलेले दोन हप्ते फिटतील, पुण्यात भाड्याचे बरे घर घेता येईल आणि अब्बांचे कष्टही संपतील. चाचांचे म्हणणे, गाळा गेला तर मी सकाळी उठून कुठे जाऊ? दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून वाद मिटत नव्हता.

मुलाच्या बॅगेतून एक इंग्रजी पुस्तक डोकावत होते. आम्ही सहज हातात घेतले. ‘व्हॉट द सीईओ वॉन्ट्स यू टू नो’, लेखक राम चरण. कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला आपल्या माणसांना काय कळावेसे वाटते, असा त्या नावाचा अर्थ. पुस्तक कॉलेजात वाचायला सांगितले होते आणि मुलाने त्याला अजून हात लावला नव्हता. आम्ही ते पूर्वी वाचलेले होते. चाचांना म्हणालो, “हा लेखक कोण आहे माहीत आहे? चपला-बुटांच्या दुकानात वाढलेला मुलगा आहे.” चाचांनी चष्मा शोधला. मुलाने मान वर केली.

त्या दुपारी जे बोलणे झाले ते वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

राम चरण म्हटल्यावर तरुण वाचकांना तेलुगू चित्रपटातला नट आठवेल. हे ते नव्हेत. यांचा जन्म 1939 चा, उत्तर प्रदेशातला. दिल्लीच्या पूर्वेला हापुड हे धान्याच्या मंडीचे गाव आहे, तिथे त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी मिळून बुटांचे दुकान काढले. दोघांनाही या धंद्याचा अनुभव नव्हता, शिक्षणही बेताचे. गावात आधीपासूनची दुकाने होती. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी, म्हणजे पीक आले तर पैसा, नाही आले तर उधारी. लहानपणापासून राम चरण या दुकानात काम करत. आज काय खपले, काय पडून राहिले, समोरच्याने काय भाव लावला आणि हातात रोकड किती आली, या गोष्टी त्यांच्या कानावर पडल्या त्या शाळेतल्या पाढ्यांच्या बरोबरीने.

एकत्र कुटुंबाच्या त्या दुकानाच्या जिवावर ते शिकले. बनारस हिंदू विद्यापीठातून अभियंता झाले, तेव्हा जेमतेम विशीत होते. तिथून ऑस्ट्रेलियाला गेले आणि सिडनीच्या गॅस कंपनीत आराखडे काढण्याच्या नोकरीला लागले. हापुडहून सिडनीला जाऊन टेबलावर वाकून नळांचे नकाशे काढणाऱ्या मुलाला पुढे कोण विचारणार? पण कंपनीच्या प्रमुखांच्या एक गोष्ट ध्यानात आली. हा पोरगा नळ कुठून न्यावा एवढेच पाहत नाही, तो नेण्यात पैसा किती अडकेल आणि कधी सुटेल हेही पाहतो. त्यांनीच त्याला व्यवस्थापन शिकायला अमेरिकेत हार्वर्डला जाण्याचा आग्रह केला. 1965 साली राम चरण तिथून एमबीए झाले, तेही बेकर स्कॉलर म्हणून. वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांना हा मान मिळतो. दोन वर्षांनी तिथलीच डॉक्टरेट घेतली. मग हार्वर्ड, नॉर्थवेस्टर्न आणि बोस्टन या विद्यापीठांत शिकवले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कायमची प्राध्यापकी सोडून कंपन्यांच्या प्रमुखांना सल्ला देण्याचे काम पूर्णवेळ सुरू केले.

सल्ला देणे हा काय धंदा झाला, असे चाचांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. जनरल इलेक्ट्रिक, ड्यूपाँट, बँक ऑफ अमेरिका अशा कंपन्यांचे कारभारी ज्याला बोलावतात तो माणूस त्यांना यंत्रे विकत नाही, पैसाही देत नाही. तो त्यांच्याशेजारी बसतो, प्रश्न विचारतो आणि ऐकतो. एवढ्या मोठ्या खुर्चीवरच्या माणसाला खरे बोलणारे कोणी उरलेले नसते. हाताखालचे घाबरतात, बरोबरीचे टपलेले असतात. बाहेरचा, कशाचाही लोभ नसलेला आणि ऐकलेले पोटात ठेवणारा माणूस त्याला लागतो. आपल्याकडे जमातीतले वाद मिटवायला एखाद्या बुजुर्गाला बोलावतात, त्यातला काही भाग इथे आहे. फरक असा की या बुजुर्गाला ताळेबंद वाचता येतो.

जनरल इलेक्ट्रिकची क्रॉटनव्हिल नावाची अधिकारी घडवणारी शाळा जगभर नावाजलेली होती. तिथे राम चरण यांनी वर्षानुवर्षे शिकवले आणि तिथला उत्तम शिक्षकाचा पुरस्कारही मिळवला. पुस्तके पंचवीसहून अधिक लिहिली, त्यातली बरीच कोणाबरोबर तरी मिळून. 2002 साली लॅरी बॉसिडी या उद्योगप्रमुखाबरोबर लिहिलेले ‘एक्झिक्युशन’ सर्वांत गाजले. त्या पुस्तकाचे सार आमच्या आजींनी एका वाक्यात सांगितले असते: बेत सगळेच करतात, चुलीपाशी कोण बसते ते बघा. माणसे निवडणे, धोरण ठरवणे आणि रोजचे काम चालवणे या तीन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात, आणि हे बांधण्याचे काम प्रमुखाने दुसऱ्यावर ढकलायचे नसते, असे त्यात सांगितले आहे. त्याआधी 1999 मध्ये ‘फॉर्च्यून’ नियतकालिकात त्यांनी आणि जेफ्री कोल्विन यांनी लेख लिहिला होता, कंपन्यांचे प्रमुख का अपयशी ठरतात यावर. त्यांचे उत्तर, बेत चुकीचा होता म्हणून नव्हे, तर ठरलेले पार पाडले नाही म्हणून.

पण आमच्या मते त्यांचे सर्वांत कामाचे पुस्तक चाचांच्या घरी सापडले तेच. 2001 सालचे, अंगाने लहान. त्याचा मुद्दा असा की रस्त्यावर टोपली घेऊन बसलेला विक्रेता आणि लाखो कोटींच्या कंपनीचा प्रमुख, दोघेही चांगले असतील तर एकाच पद्धतीने विचार करतात. पाहायच्या गोष्टी त्याच: हातात येणारी रोकड, विक्रीमागे सुटणारा नफा, माल फिरण्याचा वेग, धंद्याची वाढ, आणि या सगळ्यांच्या मुळाशी गिऱ्हाईक.

वेग हा शब्द ऐकून चाचा थांबले. “मालाला कसला वेग?”

मग मुलगाच बोलायला लागला. वर्गात शिकवलेले त्याला पाठ होते, फक्त ते आपल्या माळ्यावरच्या खोक्यांना लागू पडते हे सुचले नव्हते. त्याने विचारले, न खपलेला जुना माल किती आहे? चाचांनी न बघता सांगितले, 140 जोड. सरासरी खरेदी 180 रुपये. म्हणजे 25,200 रुपये माळ्यावर झोपलेले. चाचांचा हिशोब साधा होता: माल खराब होत नाही, आज नाही तर उद्या जाईल, घाट्यात कशाला विकू? मुलाने कागदावर मांडले. समजा याच पैशाने चालणारा माल आणला, शेकडा 20 नफ्याने विकला, तर एका फेरीत 5,040 रुपये सुटतात. वर्षात चार फेऱ्या झाल्या तर 20,160. म्हणजे माळ्यावरची खोकी फुकट पडलेली नाहीत, ती दरसाल वीस हजार खातात.

“आणि 120 रुपयांना काढून टाकली तर?”

“16,800 हातात येतील. तोटा 8,400. पण त्या पैशाच्या तीन फेऱ्या झाल्या की 10,080 सुटतात. तोटा भरून वर उरतं.”

चाचा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तीन फेऱ्या कधी होतात ते तुला माहीत आहे का?” आणि इथे शिकवणारा बदलला.

वाचकहो, पुढचे अर्धा तासाचे बोलणे आमच्या दृष्टीने कोणत्याही कॉलेजातल्या तासाच्या तोडीचे होते. बीड जिल्ह्यातल्या बाजाराचे वर्ष वेगळेच असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम ऊसतोड मजुरांना उचल वाटतात, तेव्हा गावात एकदम रोकड येते. लोक प्रवासाच्या तयारीला लागतात, घरातल्या सगळ्यांना पायात घालायला लागते. पंधरा दिवस दुकानात उभे राहायला जागा नसते. मग टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात आणि गावे ओस पडतात. मागे राहिलेल्यांच्या हातात कापसाचा पैसा वेचणीप्रमाणे थोडा थोडा येतो. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात. जून-जुलैत सगळ्यांचा पैसा बियाण्या-खतांत जातो आणि दुकानदार माशा मारतो.

“आता यात ईद बसव,” चाचा मुलाला म्हणाले. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2015 साली ती 18 जुलैला होती, म्हणजे ऐन पेरणीत. त्या साली मुलांचे नवे बूट निम्म्या घरांनी उधारीवर नेले. आता ती मार्चमध्ये आली आहे, टोळ्या परतण्याच्या सुमारास, म्हणून रोख विक्री झाली. पुढची काही वर्षे ती थंडीकडे सरकेल, तेव्हा गावात ऊसतोडीला न जाणारीच घरे असतील. मग माल कमी भरायचा. “हे तुझ्या पुस्तकात आहे?”

पुस्तकात ते नव्हते. पुस्तकात ते असूच शकत नव्हते. पण लेखकाने हापुडच्या दुकानात बसून जे शिकले ते याच जातीचे होते: पैसा कोणाच्या हातात, कधी, किती दिवसांसाठी येतो. मोठ्या कंपनीत यालाच खेळते भांडवल वगैरे नावे देतात आणि त्यासाठी वेगळे खाते असते. मुलाने वही काढून लिहून घेतले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. फॉर्मवर जे लपवले होते तेच तो आता उतरवून घेत होता.

घरात आणखी एक जाणकार होते आणि त्यांना अजून कोणी विचारले नव्हते. चाची आतून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक, गिऱ्हाईक म्हणता, पण तुमचे निम्मे गिऱ्हाईक बायका आहेत आणि त्या तुमच्या दुकानात चप्पल घालून बघतच नाहीत. समोर पुरुष बसलेला, बाजूला गावातली पोरे उभी. बाई अंदाजाने माप सांगते, पैसे देते, घरी जाऊन बघते तर बोट बाहेर. मग दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती परत पाठवते, नाहीतर पुढच्या वेळी गेवराईला जाते. माळ्यावरच्या 140 जोडांत बायकांचे किती आहेत ते मोजा.

मोजले. 140 पैकी 93.

राम चरण यांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते की प्रमुखाने अहवाल वाचण्यापेक्षा गिऱ्हाइकाला स्वतः बघावे. चाची ते रोज करत होत्या, लग्नाघरी, दवाखान्यात, नळावर. त्यांचे म्हणणे एवढेच होते की बाजाराच्या दिवशी दुपारी तीन तास मी दुकानात बसते, एक पडदा लावा, आत एक बाकडे ठेवा. चाचांनी लोक काय म्हणतील ते बोलून दाखवले. त्यावर चाची म्हणाल्या, “खदीजा बीबींचे काफिले शामला जात होते. मी तलवाड्याच्या पेठेत तीन तास बसू नये?” चाचांनी पानाचा डबा उघडला. हे त्यांचे हरल्याचे लक्षण आहे.

आता या लेखकाच्या दुसऱ्या एका कल्पनेविषयी, कारण ती नोकरी करणाऱ्या प्रत्येक घराला लागू आहे. स्टीफन ड्रॉटर आणि जेम्स नोएल यांच्याबरोबर लिहिलेल्या ‘द लीडरशिप पाइपलाइन’ या पुस्तकात माणूस कंपनीत वर चढतो तेव्हाची सहा वळणे सांगितली आहेत. पहिले वळण, स्वतःचे काम करणारा माणूस दुसऱ्यांकडून काम करून घ्यायला लागतो ते. मग असे करून घेणाऱ्यांवर देखरेख ठेवणे, मग एका पूर्ण विभागाची, एका पूर्ण व्यवसायाची, अनेक व्यवसायांची आणि शेवटी सगळ्या कंपनीची जबाबदारी. पुस्तक सांगते की प्रत्येक वळणावर आधी ज्या कामात आपण तरबेज होतो ते बरेचसे सोडावे लागते. वेळ वेगळ्या गोष्टींना द्यावा लागतो आणि कशाला किंमत द्यायची हेही बदलावे लागते. माणसे अडखळतात ती इथे. हुद्दा वरचा मिळतो, पण हात जुन्याच कामावर.

हे वाचताना आम्हाला आमचाच एक प्रसंग आठवतो. फार वर्षांपूर्वी एका छोट्या छापखान्याची देखरेख आमच्याकडे आली. आम्ही चांगले मुद्रितशोधक होतो, म्हणून ती आली. वर्षभर आम्ही दोन मुलांना मुद्रिते तपासायला शिकवण्याऐवजी रात्री जागून सगळी स्वतःच तपासली आणि त्याला जबाबदारी समजत राहिलो. मुले कंटाळून दुसरीकडे गेली. चूक कोणाची, हे कळायला असे पुस्तक हाती यावे लागले. बचत गटाच्या अध्यक्ष झालेल्या भगिनी, नव्याने मुख्याध्यापक झालेले शिक्षक, पहिला नोकर ठेवणारे दुकानदार, यांनी ही वळणांची कल्पना जरूर समजून घ्यावी. इंग्रजी बाजूला ठेवली तर तीत अवघड काही नाही.

राम चरण यांच्या आयुष्याची एक बाजू मात्र चाचींना पटली नाही. ‘फॉर्च्यून’ने 2007 साली त्यांच्यावर मोठा लेख छापला. तोवर ते वयाच्या सदुसष्टीपर्यंत स्वतःचे घर नसलेले माणूस होते. आज या शहरात, उद्या त्या देशात, आठवड्याचे सातही दिवस काम, रात्री हॉटेलात. अमेरिकेतल्या डॅलस शहरात त्यांचे कार्यालय होते, तिथले लोक धुतलेले कपडे कुरियरने ते जिथे असतील तिथे पाठवत आणि मळलेले परत मागवत. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी डॅलसमध्ये पहिले घर घेतले. चाची म्हणाल्या, “एवढ्या लोकांना शहाणपण सांगितलं आणि ईदला दार उघडायला घर नाही?” ईद त्यांची नसेल, पण प्रश्न आम्हाला बाजूला सारता आला नाही. ज्याने कामालाच घर मानले त्याला आपण दुःखी ठरवू नये, त्याने कधी तशी तक्रार केल्याचे आमच्या वाचनात नाही. तरीही कौटुंबिक मासिकात लिहिताना हे लपवून ठेवणे आम्हाला बरोबर वाटत नाही. मुलांपुढे हा नमुना ठेवायचा असेल तर सगळा ठेवावा.

दुसरी गोष्ट. असल्या पुस्तकांना तावीज समजू नये. ज्या जनरल इलेक्ट्रिकचे दाखले या लेखकाच्या पिढीतल्या सगळ्यांनी दिले, तीच कंपनी पुढे खालावली. 2018 साली अमेरिकेच्या डाऊ जोन्स निर्देशांकातून बाहेर गेली आणि 2024 मध्ये तिचे तीन तुकडे होऊन संपले. उत्तम शाळा, उत्तम शिक्षक, उत्तम अधिकारी, आणि तरीही. हा दोष सल्लागाराचा म्हणता येणार नाही, पण यशाची गुरुकिल्ली सांगणाऱ्यांचे ऐकताना हे लक्षात असावे. मराठवाड्यातही हल्ली सभागृहे भाड्याने घेऊन दोन दिवसांत नेता बनवण्याच्या कार्यशाळा चालतात. अशाच एका कार्यशाळेत आम्ही पैसे भरून बसलो होतो. टाळ्या फार वाजवायला लावल्या, एकदाही कोणाच्या दुकानाचा हिशोब मांडला नाही.

आपल्या मुला-मुलींना या वाटेने जायचे असेल तर तिचा क्रम ध्यानात घ्यावा. नेतृत्वाचा सल्लागार अशी पदवी नसते. राम चरण यांनी आधी अभियांत्रिकी केली, मग नोकरी केली, मग व्यवस्थापन शिकले, मग दहाएक वर्षे शिकवले, आणि त्यानंतर लोक सल्ला विचारायला आले. महाराष्ट्रात एमबीएसाठी राज्याची सीईटी असते, देशातल्या नामवंत संस्थांसाठी कॅट. फीची अडचण असलेल्यांनी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जिल्ह्याच्या कार्यालयात करावी. इंग्रजीचा अडसर वाटतो त्यांनी मराठीपासून सुरुवात करावी. सोलापूरचे अच्युत गोडबोले आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनियर झाले, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या प्रमुखपदापर्यंत गेले आणि मग त्यांनी हे सगळे मराठीत लिहायला घेतले. अतुल कहाते यांच्याबरोबरचे त्यांचे ‘बोर्डरूम’ तालुक्याच्या वाचनालयात मिळू शकेल. त्यात जगातल्या कंपन्या कशा उभ्या राहिल्या आणि व्यवस्थापनाचा विचार कसा वाढला याच्या गोष्टी आहेत. नववी-दहावीतल्या मुलीलाही ते वाचता येते.

गाळ्याचे काय झाले, हे वाचक विचारतील. त्या दिवशी काही ठरले नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. पंधरा दिवसांनी चाचांनी माळ्यावरची खोकी खाली काढली आणि दुकानापुढे खाट टाकून त्यावर मांडली. पाटीवर भाव लिहिला 130. मुलाने फोनवर सांगितले, 120 म्हटले होते ना. चाचा म्हणाले, दहा रुपये घासाघिशीला ठेवावे लागतात, ते तुझ्या गुरूंना विचार. पावसाळ्यापर्यंत 117 जोड गेले. उरलेल्यांत बहुतेक एकाच मापाचे, एकाच रंगाचे आहेत, आणि तो रंग कोणी निवडला यावर घरात एकवाक्यता नाही.

मोबाइलवाल्याला चाचांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले. उचलीचा बाजार एकदा या नव्या पद्धतीने करून बघायचा, मग बोलू. फीच्या एका हप्त्यासाठी चाचींनी आपल्या दोन बांगड्या मोडल्या, हे आम्हाला त्यांच्या धाकटीकडून कळले. दुकानात डाव्या बाजूला हिरव्या कापडाचा पडदा लागला आहे. बाजाराच्या दिवशी दोन ते पाच चाची आत बसतात. गेल्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा पडद्यामागे तीन बाया होत्या आणि बाहेर चाचा त्यांनी मागितलेली मापे खोक्यांतून काढून देत होते. आम्हाला बघून म्हणाले, “बसा. आज मी हाताखाली आहे.”